मूल कुणी सांभाळलं

जर्मनीच्या सरकारला प्रश्न पडलाय, मूल कुणी सांभाळलं. आता बोला! एवढ्या लांबच्या सरकारला आमच्या घरातली उठाठेव कशाला हवी? मी अनिशला तोंडावर म्हटलंसुद्धा तसं. तर मेला थालीपिठाचा तुकडा लोण्यात बुडवत हसला.

"भोचकपणा नाही गं तो, मोठी आई. उलट मान देतायत. तिथं पोर सांभाळणं हीसुद्धा नोकरीच धरतात. आईनं ऑफिसात काम केलं ती वर्षं आणि मला सांभाळलं ती वर्षं, दोन्ही पेन्शनला मोजतात."

"पोर सांभाळायची पेन्शन?"

"हो."

"मग अख्ख्या देहूरोडच्या बायकांना पाठव की तिकडं," मी म्हटलं आणि दुसरं थालीपीठ त्याच्या ताटात टाकलं.

अनिश म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा, मृदुलाचा मुलगा. चाकणला एका कंपनीत इंजिनियर आहे, राहतो ताथवड्याला, आईबरोबर. आमचं घर इथं देहूरोडला, बाजाराच्या मागं. माझे यजमान ऑर्डनन्स फॅक्टरीतनं रिटायर झाले. सगळा बाजार त्यांना दत्तोबा म्हणतो, तर तुमच्यापुरतं मीही म्हणते. रविवार उजाडला की अनिश आमच्याकडं जेवायला हजर, आणि माझ्या तव्यावर जे असेल ते खाणार. बत्तीस वर्षांचा घोडा झालाय, पण मला अजून त्याच्या ताटाकडंच बघायची सवय.

तर झालं होतं असं. अनिशला कंपनी दोन वर्षांसाठी जर्मनीला धाडणार होती. दोन्ही देशांचा करार आहे म्हणे. इथला पीएफ चालू राहिला तर तिथं पुन्हा पगारातनं कापत नाहीत, फक्त तसा दाखला न्यावा लागतो. त्याच्या ऑफिसातली दिव्या म्हणून मुलगी असल्या बाहेरदेशी जाणाऱ्यांचे कागद बघते. तिच्याशी बोलताना हा सहज म्हणाला, माझा तर जन्मच तिथला, आईनं तिथं नोकरीपण केलीय. ती म्हणाली, अरे मग तुझ्या आईनं पेन्शन मागितली का? यांना कुणाला पत्ताच नव्हता. सदाशिव, म्हणजे अनिशचे वडील, माझे धाकटे दीर, चार वर्षांपूर्वी गेले. त्यांनीही कधी विषय काढला नव्हता.

"पण एक अट आहे," अनिश बोटं चाटत म्हणाला. "कमीत कमी पाच वर्षं भरली पाहिजेत. आईची नोकरी दोन वर्षांची आणि मला सांभाळल्याची तीन. बरोब्बर पाच होतात बघ! फक्त एक काम तुझ्याकडं आहे. घरातल्या मोठ्या माणसाचं पत्र जोडलं तर बरं, असं दिव्या म्हणते. मी टाईप करून आणलंय. तू सही ठोक."

आणि त्यानं वाचून दाखवलं. अनिश सदाशिव अमुकतमुक हा जन्मापासून चौथ्या वर्षापर्यंत जर्मनीत आपल्या आईजवळ होता व त्याचा सांभाळ आईनंच केला. मधले थोडे दिवस तो भारतात काकूंकडे होता.

माझ्या हातातलं उलथनं हातातच राहिलं. तव्यावरचं थालीपीठ करपलं तरी मला कळलं नाही.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"डोंबल झालं. चष्मा सापडत नाही माझा. ठेव तो कागद तिथं. बघते."

चष्मा माझ्या कपाळावर होता. त्याच्या लक्षात आलं नाही, गुणी पोर आहे, माझ्या शब्दावर विश्वास ठेवतो. ताक पिऊन गेला बिचारा.

आता तुम्हाला खरं काय ते सांगते.

लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर मृदुलाला दिवस गेले. दोघं तेव्हा जर्मनीत होते. सदाशिव कारखान्यात, आणि ती एका ऑफिसात मशीनचे नकाशे काढायची. हात असा सुबक की तिनं पाटीवर काढलेली रेघसुद्धा पुसावीशी वाटू नये. अनिश झाला आणि कुठं काय बिनसलं कुणास ठाऊक. ती पोराला घ्यायला घाबरायला लागली. तो रडला की पलीकडच्या खोलीत जाऊन कानावर हात ठेवून बसायची. जेवण नाही, झोप नाही. एक दिवस सदाशिवला म्हणाली, याला माझ्यापासून लांब न्या, माझ्या हातून काहीतरी होईल.

आज त्याला डॉक्टरी नाव आहे, टीव्हीवर नट्या बोलतात त्यावर. तेव्हा आमच्या बायका बाळंतवात म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या. नाहीतर मग वेड लागलं म्हणून गावभर बोंब. आम्ही तेव्हा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. सदाशिव आम्हाला कोपऱ्यावरच्या बूथवर फोन करायचा आणि नुसता रडायचा. एवढा शिकलेला माणूस. मी म्हटलं, भावजी, रडू नका, पोर घेऊन या, मी आहे.

मग तो आला. एकटाच. सहार विमानतळावर आम्ही दोघं त्याला घ्यायला गेलो होतो. छातीशी चार महिन्यांचं पोर आणि खांद्याला दुधाच्या पावडरीची ही मोठी पिशवी. पोर माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "वहिनी, थोडे दिवस. ती बरी झाली की नेतो."

ते थोडे दिवस साडेतीन वर्षं चालले.

ती तिकडं कधी दवाखान्यात, कधी घरी. बरी व्हायची, पुन्हा ढासळायची. आणि इथं हे आमच्या क्वार्टरमध्ये रांगायला लागलं, पडायला लागलं, माझ्या स्वप्नालीच्या वेण्या ओढायला लागलं. स्वप्नाली माझी मुलगी, तेव्हा चौथीत. तिनं तर शाळेत सांगून टाकलं होतं की मला भाऊ झालाय. मी तिला दम भरला. म्हटलं, आपला नाही, काकूचा आहे, आपल्याकडं फक्त ठेवायला दिलाय. पोरगी रडली. मी काय तिच्या देखत रडणार? मी भांडी घासली.

एक मात्र मी पहिल्या दिवसापासून पाळलं. मृदुलाचा फोटो मी त्याच्यासमोर ठेवला. भिंतीवर नाही हं! भिंतीवर आमच्याकडं गेलेल्या माणसांचे फोटो असतात. मी तो पिठाच्या डब्याच्या फळीवर ठेवला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. रोज जेवताना म्हणायचं, ही आई, मी मोठी आई. एक घास आईला दाखव, मग तू खा. शेजारच्या छबूबाई मला म्हणायच्या, अगं इंदू, फोटोला कुठं पोर ओळखतं? म्हटलं, ओळखवीन.

आणि ओळखलं की! मृदुला बरी होऊन आली ना, तेव्हा टॅक्सी दारात थांबली, ती उतरली आणि जागीच उभी राहिली. सदाशिव मागं. पोरगं दारातनं तिच्याकडं बघत राहिलं. मग आत पळालं, फळीवरचा फोटो घेऊन आलं, एकदा फोटोकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि ओरडलं, "मोठी आई, बघ, आई केवढी मोठी झाली!"

हसली ती. रडत रडत हसली. मला वाटलं, जिंकलं बाई आपण.

मग ते त्याला घेऊन गेले. सदाशिवनं इकडंच नोकरी बघितली, मृदुला पुढं भोसरीला एका टूलरूममध्ये नकाशे काढायला लागली, रिटायर होईपर्यंत तिथंच. पोर दिलं तेव्हा माझा जीव तुटला, खोटं कशाला बोलू. पण ज्याचं त्याला दिलं यात माझी मेहरबानी काय?

त्यानंतर मात्र एक विचित्र झालं. मी कधी बोलायला लागले की, अनिश लहानपणी ना, की मृदुलाचा चेहरा उतरायचा. एकदा बारशाच्या जेवणात कुणीतरी म्हणालं, याला तर इंदूताईंनीच वाढवलं, तर ती पानावरनं उठून गेली. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलं. कुणी विचारलं की सदाशिवचेच शब्द पुढं करायचे, थोडे दिवस होता आमच्याकडं. मी म्हटलं, यांनी म्हटलं, स्वप्नालीला म्हणायला लावलं. पोराला दुसरं काही कानावरच पडलं नाही. त्याला वाटतं, कधीतरी उन्हाळ्याच्या सुट्टीसारखा राहिला असेल आमच्याकडं. साडेतीन वर्षांतलं एक अक्षर मी कुणाजवळ काढलेलं नाही. माझ्यासारख्या बडबड्या बाईनं! कल्पना करा.

आणि आता तेच थोडे दिवस टाईप होऊन माझ्या ओट्यावर पडले होते.

संध्याकाळी दत्तोबा लसूण सोलत बसले होते. मी तो कागद त्यांच्यापुढं टाकला. यांच्याशी भांडायचं म्हटलं की मी आपोआप आमच्या मावळातली होते.

"सही करनार हाय मी," मी म्हटलं.

त्यांनी सावकाश वाचला. फॅक्टरीत जन्म गेला, वाचल्याशिवाय सही नाही. "ह्ये तर खोटं हाय," ते म्हणाले.

"मला म्हाईत न्हाई व्हय? मग काय त्या पोराला सांगू, तुझी आय तुला हातात घ्यायला भ्यायची म्हनून? एवढी वर्सं झाकलं ते आता उघडं करू? ती पुन्हा आजारी पडली तर?"

"आन् तुझं?"

"माझं काय?"

"साडेतीन वर्सं तू वाढवलंस पोराला. ह्यावर सही केलीस की ते झालंच न्हाई. तुझ्याच हातानं पुसलंस."

माझ्या डोक्यात सणक गेली. "कुनाचं जातंय? माझंच जातंय ना? मी देनार. तुमी लसूण सोला गुपचूप."

ते पुन्हा सोलायला लागले. पण लसूण मीच नंतर पुन्हा सोलला, अर्ध्या पाकळ्यांची सालं तशीच ठेवली होती. रात्री पडल्या पडल्या मला सारखं तेच. पुसलंस. असा राग आला त्यांचा! आणि राग अशासाठी आला की म्हातारा बरोबर बोलला होता. माझ्याजवळ त्या दिवसांचं काय होतं दुसरं? ना फोटो काढले, ना कुणाशी बोलले. मला एकटीला माहीत होतं, तेवढंच. तेही आता मीच सांगायचं की नव्हतं म्हणून.

तरी ठरवलं. करायची सही.

पुढच्या रविवारी मी ताथवड्याला गेले. हे आले नाहीत. "मी खोट्याला साक्ष न्हाई" म्हणून पेपर तोंडापुढं धरून बसले. मी डब्यात अळूवड्या घेतल्या आणि बसनं एकटी गेले. त्यांचं घर सातव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये मी कागद पिशवीतनं दोनदा काढून पाहिला, जसा काही तो वाटेत खरा होणार होता.

मृदुलानं दार उघडलं. "अगंबाई, ताई! एकट्याच?" ती तशीच बारीक, शांत. आम्ही एका घरात दिलेल्या सुना, पण ती बोलते एक आणि मी बोलते दहा. चहा ठेवायला आत गेली. अनिश टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता.

"आणलंस? सही झाली?" तो म्हणाला.

"तुझ्या देखत करते. पेन दे."

त्यानं पेन दिलं. "आईला दाखवलंय ना हे?" मी हळूच विचारलं.

"तिला कशाला त्रास? ती नुसती म्हणाली, तुला करायचं ते कर. मी सगळं भरलंय. शेवटी तिची सही घेईन."

म्हणजे तिला माहीतच नव्हतं. मला वाटलं, देवच पावला. पटकन करावी आणि मोकळं व्हावं. मी पेन उघडलं. आणि काय सांगू, हात चालेना. इंदूमधला इ काढला आणि पुढं जाईना. पन्नास वर्षं जी सही केली ती मला आठवेना! मी पेन झटकलं, म्हटलं, शाई नीट येत नाही याची.

"काय लिहून घेतोस ताईंकडनं?" मृदुला चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"अगं, ते सांभाळल्याचं," अनिश म्हणाला.

तिनं ट्रे ठेवला आणि माझ्या हाताखालचा कागद ओढून घेतला. मी म्हटलं, "अगं राहू दे, चहा निवतोय." तिनं ऐकलं नाही. वाचला. एकदा, मग पुन्हा. मग माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"तुम्ही यावर सही करणार होतात, ताई?"

"त्यात काय एवढं?" मी म्हटलं. "पाच वर्षं भरतायत ना तुझी? भरू देत. माझ्या काय बापाचं जातंय?"

तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. मग अनिशच्या समोर खुर्ची ओढून बसली. मी म्हटलं, "मृदुला, नको." ती म्हणाली, "तुम्ही बसा ताई, जाऊ नका फक्त."

आणि तिनं सांगितलं. सरळ, न रडता, एकामागून एक. मी आजारी होते. तुला हातात घ्यायची मला भीती वाटायची. तू चार महिन्यांचा असताना तुझे बाबा तुला इकडं घेऊन आले. तू साडेतीन वर्षं ताईंकडं होतास. थोडे दिवस नाही. मला ऐकवत नव्हतं म्हणून या सगळ्यांनी थोडे दिवस म्हटलं.

अनिशचा चेहरा पांढरा पडला. लॅपटॉप मिटला त्यानं. "साडेतीन वर्षं? आणि मला कुणी सांगितलं नाही?" तो माझ्याकडं वळला. "तू पण नाही?"

मी अळूवड्यांचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला.

तो उठून गॅलरीत गेला. मला वाटलं, झालं, आता हा आईला काय बोलतोय कोण जाणे, आणि हे सगळं माझ्या सहीच्या घोळानं झालं. थोड्या वेळानं तो आत आला आणि दारातच थांबला.

"तुला मी नको होतो का?" त्यानं विचारलं.

बाई गं! माझ्या काळजाचं पाणी झालं. हाच प्रश्न तर मी एवढी वर्षं दाराबाहेर अडवून धरला होता.

"तू हवा होतास," मृदुला म्हणाली. "मीच मला नको होते. तुला ताईंकडं ठेवलं म्हणून तू वाचलास आणि मीही वाचले. मला रोज वाटायचं तू मला विसरला असशील. विसरला नाहीस. तेही ताईंनीच केलं."

तो आला, आईच्या खुर्चीशेजारी खाली फरशीवर बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. सहा फुटाचं धूड. ती त्याच्या केसांतनं हात फिरवत राहिली, आणि मी नाक शिंकरत राहिले. चहावर साय धरली.

मग तोच म्हणाला, "थोडे दिवस! काय माणसं आहात तुम्ही!" आणि हसायला लागला, आणि डोळे पुसायला लागला.

पेन्शनचं सगळ्यांत आधी मलाच आठवलं. म्हटलं, "पण आता पाच वर्षांचं काय? गेलं का सगळं?"

अनिशनं दिव्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. खरं काय ते सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता. ती पोरगी शहाणी. च्यक-च्यक केलं नाही. म्हणाली, "मग ती वर्षं धरता येणार नाहीत. मूल तिथं राहून सांभाळलं असेल तरच धरतात. पण काकू, तुम्ही इथं नोकरी केलीत का कधी? पीएफवाली?"

"हो, भोसरीला. बरीच वर्षं."

"अनिश! हे आधी नको का सांगायला?" ती पलीकडनं ओरडलीच. "करार त्यासाठीच तर आहे. पात्र ठरायला दोन्ही देशांतली वर्षं मिळून मोजतात. तिथली दोन आणि इथली इतकी, पाच कधीच होऊन गेली. पैसे तिकडनं तिथल्या कामापुरतेच मिळतील, कमी असतील. पण मिळतील."

"मला वाटलं, तिकडच्या पेन्शनला इकडच्या नोकरीचं काय," अनिश खजील होऊन म्हणाला.

"इंजिनियर!" मी म्हटलं. "आणि काय गं दिव्या, पोर इथं सांभाळलं तर ते कोणतं सरकार मोजतं?"

"कुठलंच नाही, काकू."

"वाटलंच मला," मी म्हटलं. पण खरं सांगू? मला वाईट वाटलं नाही. छातीवरची परात कुणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटत होतं.

"मात्र जन्मापासनं पहिले चार महिने तिथले आहेत," दिव्या म्हणाली. "ते अनिशच्या आईच्या नावावर धरता येतील. तेवढी तारीख नीट भरा."

फोन ठेवल्यावर मृदुला म्हणाली, "ते चार महिनेही नको लिहू. तेव्हा तरी मी कुठं सांभाळलं याला?"

आता मात्र माझी सटकली. "गप बस," मी म्हटलं. "पोर माझ्या हातात आलं तेव्हा गुटगुटीत होतं. मांड्यांना वळ्या होत्या. अंगावर पुरळ नाही, डोळ्यांत चिपड नाही. ते काय हवेवर वाढलं? भ्यायचीस, रडायचीस, मरायला टेकली होतीस, तरी पाजलंस. चार महिने तू सांभाळलंस. मी साक्ष आहे. त्याची सही पाहिजे तर आत्ता करते, शाईबिई सगळं नीट येईल."

तिला हे कुणी कधी सांगितलंच नसणार. मी तरी कुठं सांगितलं होतं? मीही तर तोंडाला कुलूप लावून बसले होते, तिच्या भल्यासाठी म्हणून.

अनिशनं नवा कागद टाईप केला. चार महिने आई, पुढं साडेतीन वर्षं काकू इंदूताई, देहूरोड. मी सही केली. एका दमात आली.

मग अळूवड्या तळल्या. मृदुलानं चहा पुन्हा केला. खाताना ती एकदम म्हणाली, "ताई, त्याला पहिला दात कधी आला?"

मी हातातली वडी खाली ठेवली. बत्तीस वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. "खालचा," मी म्हटलं. "आधी खालचा आला. आणि चावला कुणाला माहितीये? आमच्या यांना. खांद्याला."

"चालला कधी?"

"चालला कुठं? पळालाच एकदम. क्वार्टरच्या मागं सदरे वाळत घातले होते, त्यांच्या मागं लपायला."

आणि मग मी सुटलेच. गोवर निघाला तेव्हाचं, नाकात चणा घातला तेव्हाचं, स्वप्नालीच्या शाळेच्या दाराशी बसून रडायचा ते. ती विचारत गेली, मी सांगत गेले. अनिश ताटातल्या वड्या संपवत ऐकत होता. इतकं सगळं माझ्यात होतं, मलासुद्धा माहीत नव्हतं.

"पहिलं काय बोलला?" मृदुलानं विचारलं.

आली का पंचाईत! मी उठले आणि कपबशा गोळा करायला लागले.

"ताई."

"आई म्हणाला," मी पाठमोरीच म्हटलं. "सगळी पोरं तेच म्हणतात."

"कुणाला?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या दिवशी या घरात खोट्याचा कोटा संपला होता. मी कपबशा खाली ठेवल्या.

"मला गं. भाकरी थापत होते, मागनं पदर ओढला आणि म्हणाला. मी त्याला तसं शिकवलं नव्हतं, देवाशपथ."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? ओ दिली."

मृदुला उठून माझ्याजवळ आली. पिठाचे, तेलाचे हात होते माझे, तसेच तिनं आपल्या हातांत घेतले.

"बरं झालं, ताई," ती म्हणाली. "त्यानं हाक मारली तेव्हा ओ द्यायला कुणीतरी होतं."